कोळंबी-तिसऱ्यांचा पास्ता अर्ध्या तासात, कोकणात मिळेल त्या सामानातून. कसा करता?

निवांतवाडी

नमस्कार मंडळी. जरा लांबड लावतेय, पण उत्तरं तपशिलात हवी आहेत म्हणून. आम्ही दापोलीजवळ राहतो. ऑफिस सुटल्यावर अधूनमधून हर्णैला उतरते, संध्याकाळचा लिलाव आटपत आला की बायका वाटे लावून बसलेल्याच असतात, तिथे कोळंबी हमखास मिळते, कधी म्हाकूल (स्क्विड) पण असतं, आणि खाडीकडच्या एक ताई तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, घेऊन येतात. घरी पोचेपर्यंत साडेसात वाजतात. तेव्हा खोबरं खवून वाटण लावून कालवण करायचं म्हणजे जेवायला साडेनऊ, आणि दोन्ही मुलांची सारखी पास्त्याची फर्माईश. तर म्हटलं ताजी मासळी हातात आहे तर पास्ताच का नाही.

पण तो मैदा-दुधाचा पांढरा सॉस आणि वरून चीज, तो मला मासळीबरोबर नकोच आहे. नेटवरच्या सगळ्या रेसिपीत व्हाइट वाइन, पार्सली, कुठली कुठली क्रीम. आमच्या घरात वाइन येत नाही, पार्सली इथे मिळत नाही. सासूबाई पण खाणार आहेत, त्यांना नवीन पदार्थांचं वावडं नाही उलट हौस आहे, फक्त त्यांचं एकच म्हणणं, मासळी मासळीसारखी लागली पाहिजे. म्हणून हेही विचारते की मालवणी मसाला घालू का नको? माणसं पाच. अर्धा तास, फार तर चाळीस मिनिटं.

खलाशी_गुहागर

ताई, मी जहाजावर गॅलीत बरीच वर्षं काढली, आधी हाताखाली आणि मग चीफ कुक म्हणून, आता घरी असतो. इटालियन ऑफिसर असलेल्या जहाजांवर हा पास्ता सतत करावा लागायचा आणि ते लोक ताटातून एक घास घेऊन लगेच सांगायचे काय कमी आहे, त्यामुळे जे लिहितोय ते हाताखालून गेलेलं आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. कोळंबीची डोकी आणि सालं फेकायची नाहीत. मासळीच्या पास्त्यात सॉस असा वेगळा काही नसतो, मासळीचं पाणी हाच सॉस. छोट्या कढईत चमचा-दोन चमचे तेल तापवा, डोकी-सालं टाका, मोठ्या आचेवर लाल होईपर्यंत परता आणि कलथ्याने डोकी दाबत राहा म्हणजे आतला माल तेलात उतरतो. तेल केशरी झालं, घरभर वास सुटला की दोन पेले पाणी ओता, दहा-बारा मिनिटं उकळा, गाळून घ्या. तासभर उकळत ठेवू नका, चव जड होते, कडवटपणा येतो. हे पाणी असलं की वाइनची आठवण कोणाला येत नाही. वाइनचं काम तिथे मुख्य म्हणजे आंबटपणा देणं, तो शेवटी लिंबू पिळून मिळतो.

हे उकळतंय तोवर दुसऱ्या गॅसवर पास्त्याचं पाणी. पास्ता घेताना पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलंय ना ते बघून घ्या, मैद्याचा स्वस्त पास्ता या प्रकारात लगदा होतो कारण आपण तो दोनदा शिजवणार आहोत. पाच माणसांत दोन मुलं आहेत तर ४०० ग्रॅम पुरे. शंभर ग्रॅमला एक लिटर पाणी आणि लिटरला १० ग्रॅम मीठ हा तिकडचा हिशोब. तिसऱ्या घालणार असाल त्या दिवशी मीठ निम्मं करा कारण तिसऱ्यांचं पाणी मुळातच खारट असतं. पाण्यात तेल घालू नका, वर तरंगतं, उपयोग काही नाही. आणि शिजलेला पास्ता नळाखाली धरून थंड करतात लोक ते तर अजिबात नको, त्याच्या अंगावरचा पिठूळपणा धुतला गेला की सॉस त्याला धरणारच नाही.

आता मोठी कढई. पाच-सहा चमचे तेल, ऑलिव्ह असेल तर उत्तम, नसेल तर कुठलंही उग्र वास नसलेलं तेल चालेल. लसणीच्या आठ-दहा पाकळ्या चिरून गार तेलातच टाका आणि मग गॅस मंद लावा, असं केलं की लसूण न करपता तेलात मुरते. कुटलेली लाल मिरची दोन चिमूट. लसूण नुसती सोनेरी दिसायला लागली की आच मोठी करा आणि सोललेली, पुसून कोरडी केलेली कोळंबी पसरून टाका, एका बाजूने मिनिटभर, दुसऱ्या बाजूने अर्धा मिनिट, आणि लगेच ताटलीत काढून ठेवा. कोळंबी अर्धगोल वळली की झाली, वेटोळं होऊन बसली म्हणजे जास्त शिजली, मग ती चिवटच लागणार. त्याच कढईत गाळलेलं पाणी ओता, निम्मं आटवा. पास्त्याच्या पाकिटावर १० मिनिटं लिहिलं असेल तर आठव्या मिनिटाला चिमट्याने उचलून थेट कढईत. पातेल्यातलं पिठूळ पाणी मात्र वाटीभर राखून ठेवा. उरलेली दोन मिनिटं पास्ता कोळंबीच्या पाण्यात शिजतो, कढई सारखी हलवत राहायची, लागेल तसं पिठूळ पाणी घालायचं, त्यातला स्टार्च आणि तेल एकजीव होऊन पास्त्याच्या अंगाला चकचकीत दाटपणा येतो, क्रीम घातल्यासारखा. गॅस बंद. मग कोळंबी परत आत, लिंबू, कोथिंबीर, वाढा.

चीज नाही. इटलीत मासळीच्या पास्त्यावर सहसा घालत नाहीत. दक्षिणेकडे त्याच्या जागी शिळ्या पावाचा चुरा तेलात लसणीबरोबर कुरकुरीत भाजून वरून भुरभुरतात. आपल्याकडे पाव घरात असतोच. मुलं चीज विसरतील.

आणि मालवणी मसाला या पास्त्यात नको. धणे, बडीशेप, दगडफूल, लवंग एवढं सगळं आलं की कोळंबीची गोडी खाली दबते, आणि सासूबाईंना नेमकी तीच हवी आहे.

तिरफळ

माका विचारशात तर खोबरा व्हयाच. आमच्या मालवणात शिरवाळे करतात, तांदळाच्या शेवया आणि वर नारळाचा गोड रस, म्हणजे शेवयांच्या जातीचं काहीतरी नारळाच्या दुधात भिजवून खाणं आमच्या घरात आधीपासून आहेच. मी त्याच अंगाने पास्ता करते आणि घरी सगळ्यांना आवडतो. दुकानातलं डब्याचं दूध नको, एका नारळाचं पहिलं दाट दूध काढायचं, मिक्सरवर पाच मिनिटांचं काम आहे. लसूण, आल्याचा छोटा तुकडा, हिरवी मिरची, हळद, मसाला फक्त अर्धा चमचा, त्यावर कोळंबी, मग खलाशीदादांनी सांगितलं तसं सालांचं पाणी (हे मी पण करते, फार फरक पडतो), पास्ता आणि अगदी शेवटी नारळाचं दूध. दूध घातल्यावर उकळी येऊ द्यायची नाही, फुटतं. आंबटपणाला तीन-चार आमसुलं पाण्यात भिजवून तो कोळ, पण तोही गॅस बंद केल्यावर.

याला लांब स्पॅगेटी घेऊ नका, शिंपल्याच्या आकाराचा नाहीतर पेने घ्या, रस आत साठतो. तिरफळं कोळंबीत घालू नका, माझं नाव तिरफळ असलं तरी सांगते, ती बांगड्याला.

खलाशी_गुहागर

तिरफळताई, तुमचा प्रकार वेगळा आणि तो चांगलाच लागणार, यात वाद नाही. फक्त दोन्हींची सरमिसळ करू नये असं मला वाटतं. तेल-लसणीचा करायचा तर तेल-लसणीचाच, नारळाचा करायचा तर पूर्ण नारळाचा. लोक नारळाचं दूध पण घालतात, टोमॅटो पण, वरून चीज पण, मग मासळी कुठली हे डोळे मिटून ओळखता येत नाही.

बंदरावरची

मी रत्नागिरीची, आमचं घरच मासळीवर चालतं, मिरकरवाड्याला येणं-जाणं रोजचं. शिजवायचं वरच्यांनी सांगितलंय, मी आणायचं सांगते, कारण अर्ध्या तासाच्या स्वयंपाकात माल कमी प्रतीचा असला तर झाकायला मसाला नसतो.

कोळंबी घेताना डोकं बघायचं. डोकं अंगाला घट्ट हवं, कवच चकचकीत, बोटाला बुळबुळीत लागता कामा नये. डोकं लोंबायला लागलं, सांध्यापाशी काळं पडलं की दोन पावलं पुढच्या वाट्याकडे जा. नाकाला झोंबणारा वास आला तर प्रश्नच मिटला. या पास्त्याला मोठी टायगर कोळंबी लागत नाही, उगाच पैसे जातात, मध्यम किंवा त्याहून लहान घ्या, प्रत्येक घासात येते आणि चव लहान कोळंबीला जास्त असते. सोलायला वेळ नसेल तर विकणाऱ्या बाईकडूनच सोलून घ्या, बऱ्याच जणी देतात करून, पण सालं-डोकी वेगळ्या पिशवीत मागून घ्या, नाहीतर ती तिथेच टाकून देतील. पाठीतला काळा दोरा मात्र घरी आल्यावर स्वतः काढा.

कामाच्या दिवशी तिसऱ्या करू नका हो. त्यांना वेळ द्यावा लागतो. आणल्या की एकमेकींवर चोळून तीन-चार पाण्यांतून धुवायच्या, मग समुद्राइतक्या खारट पाण्यात, म्हणजे लिटरला ३० ग्रॅम मीठ, पसरट भांड्यात तास-दोन तास ठेवायच्या, वर झाकण तिरकं ठेवून अंधार करायचा. खाली चाळणी ठेवली तर बाहेर टाकलेली वाळू तळाला जाते, परत आत ओढली जात नाही. बघत बसलात तर दिसतं, हळूच फट उघडते, पांढऱ्या नळ्या बाहेर येतात आणि बारीक पिचकारी मारतात. साध्या नळाच्या पाण्यात ठेवल्या तर मरतात, ते नको. शिजवायच्या आधी ज्या उघड्या दिसतील त्यांना टिचकी मारा, मिटली तर जिवंत आहे, नाही मिटली तर टाका. फुटक्या टाका. शिजल्यावर ज्या उघडल्या नाहीत त्याही टाका, सुरी घालून जबरदस्ती करू नका.

आपण एकशिपी करतो तेव्हा विळीवर उघडून घेतो, पास्त्याला तसं नको. अख्ख्याच कढईत टाका, झाकण, मोठी आच, तीन-चार मिनिटांत उघडतात. जे पाणी सुटतं ते फडक्यातून गाळून घ्या म्हणजे राहिलेली रेती जाते. ते पाणी सोन्यासारखं आहे, एक थेंब सांडू नका.

खलाशी_गुहागर

बंदरावरची ताईंनी अगदी बरोब्बर सांगितलं. तिसऱ्यांचा पास्ता म्हणजे नेपल्सकडचा प्रसिद्ध प्रकार, तिकडे त्याला स्पॅगेटी आले वोंगोले म्हणतात, एक टोमॅटोशिवाय पांढरा आणि एक थोडे टोमॅटो घालून लाल. तेल, लसूण, मिरची, तिसऱ्या, पार्सली, संपलं. पार्सलीच्या जागी कोथिंबीर घालताना पानं कमी, कोवळे देठ बारीक चिरून जास्त घाला, पानांचा वास वरचढ होतो. थोडे टोमॅटो घालायचे असतील तर चार-पाच पिकलेले लहान गावठी, हाताने चुरून, लसणीनंतर. प्युरी नको. मीठ अगदी शेवटी चाखूनच.

निवांतवाडी

बापरे, किती छान सांगितलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. सालं मागून घ्यायची ही गोष्ट तर डोक्यातच आली नव्हती. मग ठरवलं, कामाच्या दिवशी कोळंबी आणि रविवारी तिसऱ्या. नारळाचा पण करणार, तिरफळताई, तो सासऱ्यांच्या आवडीचा होणार हे आत्ताच दिसतंय.

दोन राहिलं. म्हाकूल याच पद्धतीने चालेल का? साफ करता येतं मला. आणि बेझिल म्हणून जे लिहितात त्याला पर्याय? दारात तुळस आहे.

परसदार

बेझिलपुरतं मी सांगते. तुळस नको, तिचा लवंगेसारखा तिखट वास शिजवल्यावर औषधी लागतो आणि दारातली तुळस स्वयंपाकात घालायला सासूबाईंनाही आवडणार नाही. सब्जा आहे का बघा कुणाच्या परसात? फालुद्यात ज्याचं बी घालतो तो. तो बेझिलच्याच जातीचा आहे, वास थोडा वेगळा, जास्त बडीशेपेकडे झुकणारा, पण मासळीबरोबर फार सुंदर लागतो. आमच्याकडे वेंगुर्ल्याला बऱ्याच अंगणात असतो, गजऱ्यात घालायला लावतात. पाच-सहा पानं हाताने तोडून गॅस बंद केल्यावर टाकायची, शिजवायची नाहीत, काळी पडतात. बी पेरलंत तर कुंडीतसुद्धा भराभर येतो.

अजून एक, लिंबाचा रस तर घालालच पण पिळायच्या आधी साल किसून घ्या, नुसता पिवळा-हिरवा भाग, पांढरा कडू असतो. चिमूटभर सालीने सगळी कढई उजळते. आमसुलं तेल-लसणीच्या पास्त्यात घालू नका, रंग जांभळट होतो आणि मुलं नाक मुरडतात. नारळाच्या दुधात हळद असते म्हणून तिथे खपून जातं.

बंदरावरची

म्हाकूल चालेल की. पण त्याचं असं आहे, एक तर दीड-दोन मिनिटं मोठ्या आचेवर, नाहीतर मग मंद आचेवर अर्धा-पाऊण तास, मधलं काही नाही. पाच-सात मिनिटं शिजवलंत की रबर. तुम्हाला घाई आहे तर पहिलाच मार्ग. आतली काचेसारखी काडी ओढून काढायची, शाईची पिशवी फुटू न देता, वरचं जांभळं साल सोलायचं, बोटभर रुंदीच्या गोल चकत्या, पायांचे तुकडे तसेच. पुसून खडखडीत कोरडं करा, ओलं टाकलं तर पाणी सुटून उकडतं आणि सगळा खेळ बिघडतो. कोळंबीबरोबर एकत्र टाकू नका, आधी कोळंबी काढून घ्या मग त्याच कढईत म्हाकूल, तेही काढा, शेवटी दोन्ही परत. ताजं म्हाकूल आतून पांढरं शुभ्र असतं, गुलाबी पडलेलं घेऊ नका.

श्रावणसरी

सगळे ताज्या मासळीचं बोलताहेत, पावसाळ्याचं पण लिहून ठेवते म्हणजे पुढे कुणाला लागेल. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद असतात, आणि ती बंदी पाळलीच पाहिजे, ते मासळीच्या विणीचे दिवस. तेव्हा बाजारात बर्फातला बाहेरचा माल महागाने घेण्यापेक्षा सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, वापरा. मूठभर सोडे कोरडेच मंद आचेवर खमंग भाजा, कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा, ते पाणी वरून हळूच ओतून घ्या (तळाशी वाळू राहते), आणि खलाशीदादांच्या सालांच्या पाण्याच्या जागी हेच वापरा. सोडे बारीक तोडून लसणीबरोबर तेलात परता, याला मात्र टोमॅटो हवाच, दोन मोठे, चांगले आटवून. मीठ जपून, सोडे खारट असतात. बाहेर पाऊस कोसळतोय आणि आत हा पास्ता, आमच्या घरी मुलं ताजी कोळंबी असतानाही सोड्यांचाच मागतात.

जवळा-सुकट घालून बघायचा मोह होतो पण त्याचा वास पास्त्यावर फार चढतो, मला नाही आवडलं.

निवांतवाडी

केला! कोळंबीचाच, तेल-लसणीचा. सालं परतायला घेतली तेव्हाच सासूबाई देवघरातून उठून स्वयंपाकघरात आल्या, काय करतेस विचारायला, आणि मग कढई सोडून गेल्याच नाहीत, पावाचा चुरा त्यांनीच भाजला. ते पाणी आणि तेल एकजीव होतं म्हणजे काय ते डोळ्यांनी बघितलं, आधी कढईत पाणी वेगळं तेल वेगळं असं पसरलेलं दिसत होतं, पातेल्यातलं पिठूळ पाणी घालून हलवत राहिले आणि एकदम दाट, पास्त्याला चिकटलेलं. चीज कुणी मागितलं नाही. सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतला आणि म्हणाल्या पुढच्या वेळी कोळंबी अजून थोडी जास्त आण, पास्ता कमी. वेळ मात्र पाऊण तास लागला, सोलण्यात गेला, पुढच्या वेळी सोलूनच आणणार.

थोडा उरला आहे. सकाळी मुलांच्या डब्यात दिला तर चालेल का?

खलाशी_गुहागर

वा ताई, खूप आनंद झाला वाचून. डब्यात नको, मासळीचा आहे आणि दुपारपर्यंत बाहेर राहणार. लगेच फ्रीजमध्ये टाका आणि उद्या घरीच संपवा. गरम करताना कोळंबी वेचून बाजूला काढा, कढईत अर्धी वाटी पाणी उकळवा, त्यात पास्ता मोकळा करून पूर्ण गरम होऊ द्या आणि कोळंबी शेवटच्या मिनिटाला घालून वाफ येईपर्यंत परता. मायक्रोवेव्हला लावू नका, कोळंबी पार चिवट होईल. पुढच्या वेळी उरणार असं वाटलं तर पास्ता कमी शिजवा आणि सालांचं गाळलेलं पाणी जास्तीचं करून डब्यात घालून फ्रीजरला ठेवा, नंतरच्या खेपेला दहा मिनिटं वाचतात.